चन्नम्माच्या कादंबऱ्यांवर माझं मत

६ मे १९७४, सोमवार
बायकोला, गौरम्माला, जाऊन आज दीड महिना. मला रडू येत नाही. एकंदरीत मी सावरलो आहे. ऑफिसची रजा अजून पंधरा दिवस. ती चन्नम्मासाठी वापरायची. पोरगी चौदाची, वाचनालयातून किशोर कादंबऱ्या आणते. आई नाही, कुणीतरी लक्ष द्यायला हवं. संकल्प: रोज एक कादंबरी आधी मी वाचणार, वहीत मत लिहिणार, मगच तिला देणार.

७ मे
पहिली कादंबरी. तीन मित्र भुयारात अडकतात. चार दिवस उपाशी, तरी धावतात. अवास्तव. पान २२ ला मत पक्कं झालं, पुढे वाचायचं कारण उरलं नाही. चन्नम्माने ताट पुस्तकाशेजारीच ठेवलं होतं. वाचता वाचता भाकरी संपली, कळलं नाही.

९ मे
काल वाचन नाही. उकाडा. आज सर्कशीतून पळालेल्या मुलीची गोष्ट. नायिका बापाला उलट बोलते. चन्नम्माला देण्यासारखी नाही. तिला तसं सांगितलं, तर तिने विचारलं, ती शेवटी परत येते ते आवडलं का. मी तिथवर पोचलो नव्हतो. मैत्रिणीकडून ऐकलं असणार.

१२ मे, रविवार, दुपार
अक्कलकोटहून नागव्वा आली. गौरम्माची धाकटी बहीण. चन्नम्माला वर्षभर आपल्याकडे ठेवून तिथल्या शाळेत घालते म्हणाली. इथे पोरीनेच स्वयंपाक करायचा, धुणं करायचं, “आन वर तुमी, दाजी.” वर मी म्हणजे काय, कळलं नाही. मी शांतपणे समजावलं की पोरीचं वाचन माझ्या देखरेखीखाली चालू आहे, मध्येच तोडता येणार नाही. वही दाखवली. नागव्वाने ती बराच वेळ बघितली. आठ दिवसांनी परत येते म्हणाली.

१५ मे
तिसरी कादंबरी. पान ४१ वर नायकाची आई वारते. लेखकाने घाई केली आहे. तीनदा वाचलं. काही वाटलं नाही. भाषा सोपी. छपाई बरी.

१८ मे
पान ४१. उकाडा फार.

२० मे, सोमवार
उद्या हजर व्हायचं. पण तीनपैकी एकही कादंबरी पुरी झालेली नाही, तेव्हा रजा वाढवण्याचा अर्ज लिहिला. कारण: घरगुती.

संध्याकाळ
नागव्वा आली. मी ठामपणे सांगितलं, चन्नम्मा माझ्याशिवाय राहू शकणार नाही. चन्नम्मा स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

“मावशी, मी आले असते की. पण अप्पा हातात पुस्तक असलं तरच जेवतात.”

ती सगळी पुस्तकं तिने सहावीतच वाचली आहेत. आता माझ्यासाठी पुन्हा आणते. हे तिने मावशीला सांगितलं, माझ्याकडे न बघता. नागव्वाने डोळ्याला पदर लावला. सातच्या एसटीने एकटीच परत गेली. मी स्टँडवर पोचवायला जाणार होतो. राहिलं.

२१ मे
अर्ज दिला नाही. ऑफिसलाही गेलो नाही.
आज पुस्तकाशिवाय जेवायचं ठरवलं. अर्ध्या भाकरीशी थांबलो. चन्नम्मा उठली. आतून एक कादंबरी आणून तिने ताटाशेजारी उघडी ठेवली, आणि माझं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिली.