खाऱ्या रेतीचा माळा

आबा, स्वयंपाकाच्या कोपऱ्यावरचा तुमचा माळा मी तोडला. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर बाकीचं लिहिताना सारखं तेच मनात येत राहील. पूर्ण तोडला, आतल्या सळ्यांसकट. सळ्या म्हणाव्यात अशा त्या राहिल्याच नव्हत्या; हातोडीच्या टोकाने ओढल्या की तांबूस पापुद्रे निघायचे आणि आत अगरबत्तीएवढी काडी उरायची. ज्या लोखंडी कड्याला तुम्ही माझी झोळी बांधायचात, ते कडं मात्र धड होतं, जाडजूड, काळंभोर. पण कडं धड असून काय उपयोग, ते ज्यात रोवलं होतं तेच आतून गेलं होतं.

तुम्हाला नात झाली आहे. तुमची सून बाळंतपणाला अमळनेरला तिच्या माहेरी गेली होती, आणि आखाजीचा सण तिथेच करून मग लेकीला घेऊन सुरतेला यायचं ठरलं होतं. इकडे मायने जुनं लुगडं धुऊन, दोरी उन्हात टाकून झोळीची तयारी सुरू केली होती. बापाची झोळी जिथे होती तिथेच लेकीची, हे तिने कोणाला न विचारता ठरवलेलं. आणि अशात एक दिवस ती भाकरीचं पीठ मळत होती, तेव्हा वरून माळ्याचा एक पोपडा सुटून परातीत पडला. मायने तो दोन बोटांनी उचलून बाजूला टाकला, पीठ झटकलं आणि पुन्हा मळायला लागली. मी शेजारीच उभा होतो. पोपडा जिथून निघाला तिथे गंजलेली सळी दिसत होती, आणि त्या सळीपासून कडं एक हातावर होतं. मला तेव्हापासून वर बघायची सवय लागली. जेवताना वर, चहा पिताना वर. माय म्हणायची, "वर काय लिखेल शे का रे, वाचस ते?" माझ्या डोळ्यांपुढे कडं, दोरी, लुगडं आणि त्यात पोर, एवढंच यायचं.

एका मिस्त्रीला बोलावून आणलं. त्याने शिडीवर न चढताच काठीने दोन ठिकाणी ठोकून पाहिलं. बद्द आवाज आला. "खारी रेती आहे," तो म्हणाला, "सळी खाऊन टाकली. पूरा काढावा लागेल, भाई." मग त्याने जो भाव सांगितला त्यात माझे दोन पगार गेले असते आणि आखाजीपर्यंत तो मोकळाही नव्हता. चहा पिऊन गेला. तो गेल्यावर मी तुमची थापी शोधायला लागलो. तुम्हीही हे सगळं असंच उभं केलं होतं ना, वीजकपातीमुळे कारखाना बंद असायचा त्या दिवशी, मिस्त्री न लावता. माळा माझ्या जन्माआधीचा; भिंतींना गिलावा मात्र पुढे बऱ्याच वर्षांनी झाला, तो दिवस मला आठवतो. भिंत ओली आहे, तुम्ही माझ्या हातात खिळा देता आणि म्हणता, लिही तुझं नाव. मी दुसरीत आहे. नावातली वेलांटी पहिली की दुसरी यावर मी इतका वेळ उभा राहतो की गिलावा आवळून येतो, आणि अर्धंच नाव उमटतं. तुम्ही हसून म्हणता, "अर्धं आहे तर अर्धं. बरोबर आहे ना? मग झालं." ते अर्धं नाव अजून आहे. तिथे मी हातोडी लावलेली नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होतो, आणि त्या वर्षीच शाळा सोडून कापडाच्या लूमच्या कारखान्यात लागलो, म्हणून बांधकामाचं तुमच्याकडून शिकायचं राहिलं. जे शिकलो ते विचारून विचारून. रेती आणायला तीन दुकानं फिरलो. प्रत्येक ठिकाणची मूठभर रेती पुडीत बांधून घरी आणली, काचेच्या बरण्यांत पाणी घालून ढवळली आणि खिडकीत ठेवली. वर गढूळ माती किती बसते ते बघायचं असतं. बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, अ, ब, क. मायने येऊन बघितलं. "लोणचं घाली ऱ्हायना का?" मी म्हटलं, रेती निवडतोय. "निवड, निवड. मंग शिजवीसन खाऊ."

ब मधली रेती सगळ्यांत स्वच्छ निघाली आणि तीच सगळ्यांत स्वस्त होती. याचाच मला संशय आला. पुन्हा त्या दुकानी गेलो, ढिगातून चिमूटभर उचलली आणि जिभेवर ठेवली. दुकानदार गल्ल्यावरून ओरडला, "अरे भाई, चाखे छे शुं? रेती छे, फरसाण नथी!" बाहेर बसलेले हमाल हसायला लागले. एकाने विचारलं, "मिरची देऊं?" मी खाली बघूनच विचारलं, दरियाची आहे का. तो म्हणाला, नदीचीच आहे, शंका असेल तर घेऊ नको. तेव्हा मला तुमचं बोलणं आठवलं. आपण दोघं खिळे घ्यायला गेलो होतो, मी भाव विचारला, आणि बाहेर आल्यावर तुम्ही माझी मान वर करून म्हणालात, "भाव विचारताना जमिनीकडे बघू नकोस. जमीन विकायला नाही बसली." मी मान वर केली. म्हटलं, शेठ, जिभेला मीठ लागतंय. तो गल्ल्यावरून उठून जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "तो पेली बाजूनी लई जा. तापीनी छे. पण भाव वधारे." दुसऱ्या बाजूची घेतली, जास्त भाव देऊन. पैसे वाचवायचे ते मी विटांत वाचवले. पाडलेल्या घराच्या जुन्या विटा आणल्या, एकमेकींवर वाजवून, खणखणीत वाजतील तेवढ्याच उचलल्या. सिमेंट मात्र नवीन पोत्याचंच, आत हात घालून, गार लागतं का, गुठळ्या आहेत का ते बघून.

त्या दिवशी मी घरी येऊन दुकानातली हकीकत मायला जरा फुशारकीने सांगितली. आणि सांगता सांगता म्हणून गेलो, आबांनाही तेव्हा कोणी चाखून बघायला सांगितलं असतं तर ते फसले नसते.

माय तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "कोण फसनं? त्यासनी चाखीसनच लिन्ही. खारी शे म्हणीसन त लिन्ही."

खारी आहे म्हणूनच घेतली, हे मला आधी कळलंच नाही. मग ती सांगत गेली, आणि मला कळत गेलं तसा मी अस्वस्थ होत गेलो. आपल्या गावाकडे धाब्याची घरं, मातीच्या छपरांची. आखाजी झाली की पावसाच्या आत त्या धाब्यांवर पांढरी खारी माती पसरायची. तुम्ही लहानपणी तुमच्या बापाबरोबर टेकाडावरून ती गाढवांवर लादून आणायचात. कुठली चांगली हे जिभेवर ठेवून ठरायचं. जितकी खारट तितकी चांगली, कारण तिच्यात गवत रुजत नाही, वाळवी येत नाही आणि पाऊस आत उतरत नाही. हे खरंच आहे, आबा. मी कारखान्यातल्या गावाकडच्या दोघांना विचारून खात्री केली. आमचं धाबं चाळीस पावसाळे गळालं नाही, असं एकजण म्हणाला. मग तुम्ही सुरतेला आलात, खाडीकडच्या रेतीचा ट्रॅक्टर दारात उभा राहिला, तुम्ही चिमूट जिभेवर ठेवलीत आणि खूश झालात. मायला म्हणालात, नशीब बघ, इथे खारी फुकटच्या भावात मिळते. धाब्याच्या मातीत लोखंड नसतं, एवढंच तुम्हाला कोणी सांगितलं नाही.

मिस्त्री येऊन गेल्यापासून मी मनात धरून होतो की कोणा दुकानदाराने माझ्या बापाला फसवलं. ते बरं होतं. त्या दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या देता येत होत्या. आता कळलं की तुम्ही माझ्यासारखीच पारख केलीत. तीच चिमूट, तीच जीभ. फक्त तुमच्या जिभेने हो म्हटलं आणि माझ्या जिभेने नाही. मग मला झोप येईना. कारण जे तुम्हाला ठाऊक होतं ते खोटं नव्हतं. आणि मला जे ठाऊक आहे, तेही खोटं नाही, पण ते इथे चालेल कशावरून?

कारण माळ्याऐवजी झोळी कशाला बांधायची हे मी तोपर्यंत ठरवलं होतं. नवीन माळा घालण्याची माझी ऐपत नव्हती. हल्ली कारखान्यांत नवीन मशिनं येत आहेत आणि जुन्या लूम भंगारात जातात, त्यांचे बीमही. तुम्ही आयुष्यभर बीम चढवलेत, तुम्हाला काय सांगू. तो जाड लोखंडी पाइप, कापडाच्या उभ्या धाग्यांचा सगळा ताणा ज्याच्यावर गुंडाळलेला असतो. भरलेला बीम उचलायला चार माणसं लागतात आणि तो कधी वाकलेला मी पाहिलेला नाही. म्हणून भंगारातून एक घेतला, दोन्ही बाजूंच्या थाळ्या काढून. या भिंतीतून त्या भिंतीत आडवा टाकायचा, मधोमध झोळी. लाकडी बल्ली स्वस्त पडली असती, पण बल्लीतलं मला काही कळत नाही, बीमचं कळतं. हे मी मोठ्या विश्वासाने म्हणत होतो. मायने खारीचं सांगितलं आणि तोच विश्वास मला टोचायला लागला. कारखान्यात बीम लोखंडी स्टँडवर बसतो. इथे तो तुमच्या भिंतीवर बसणार, आणि भिंतीतही तीच रेती.

म्हणून दोन्ही भिंतींत मी मोठ्या खाचा पाडल्या, जुना चुरा नखाने खरवडून काढला, खाचा धुतल्या, वाळवल्या, पुन्हा धुतल्या. तापीच्या रेतीत नव्याने विटा बसवल्या, त्यांच्यावर फरशीचा जाड तुकडा, त्यावर बीम. ओल्या गोणपाटाने खाचा झाकून रोज पाणी मारत राहिलो. दिवसपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत पाणी मारायला घरी यायचो, तर मुकादम म्हणायचा, "तुझी बायको आली का रे?" सगळं वाळल्यावर आधी सिमेंटचं भरलेलं पोतं लटकवलं, मग मी स्वतः लोंबकळलो. पाय वर घेऊन. माय दारातून बघत होती. "आते माले बी बसाड," म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. बीम हलला नाही. मी खाली उतरलो आणि लगेच वाटलं, आज हलला नाही, पण पावसाळ्यात?

सून आली, नात आली. नात तुमच्यासारखी कपाळाला आठी घालून झोपते. मी म्हटलं, सिमेंट अजून पुरतं मुरलेलं नाही, थोडं थांबू. मग म्हटलं, अमावास्या होऊन जाऊ दे. बायको म्हणाली, "तुम्ही कधीपासून अमावास्या बघायला लागलात?" आणि एका सकाळी रातपाळी करून घरी आलो तर झोळी बांधलेली, पोरगी आत, आणि माय भाजी चिरता चिरता पायाने दोरी ओढतेय. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बोलू नको, आत्तेच झोपनी." मी चप्पल न काढता दोन्ही खाचांपाशी जाऊन बोट फिरवून आलो. भेग नव्हती. मायने तेवढ्यात लुगडं जरा सारखं केलं आणि पुन्हा झोका दिला.

हे लिहिलेलं मी कुठे ठेवणारही नाही, पाठवायचं तर दूरच. बायकोला वाचता येतं, आणि यातलं एक तिने वाचू नये. मी दिवसा झोपतो. पलंग भिंतीशी आहे. पण झोळी बांधल्यापासून मी चटई टाकतो ती बरोबर झोळीच्या खाली. ती म्हणाली, "अहो, पलंग रिकामा पडलाय." मी सांगितलं, उकडतं फार, फरशी गार लागते. वैशाखात ते पटलं. आता पाऊस लागला आहे, फरशीला ओल येते, तरी मी तिथेच आडवा होतो. बीमच खाली आला तर माझ्या पाठीने काय होणार आहे, हे मलाही कळतं. वर झोळी माझ्या तोंडावरून जाते, येते, आणि ती थांबली की मला जाग येते. फरशी गार लागत नाही, आबा. कंबर धरते.