एक्स कुणाला धरू?

मंगळवार, संध्याकाळ

आज बायकोला, वैशालीला, नको ते बोललो. लग्नामुळे तिची शाळा सुटली होती, यंदा ती दहावीला बसतेय. अंबरनाथहून ड्युटी करून कात्रपला घरी आलो, तर ती गणित घेऊन बसलेली. "अहो, हे बघा ना. बापाचं वय मुलाच्या तिप्पट, दोघांची बेरीज अठ्ठेचाळीस. एक्स कुणाला धरू?"

मला येत नव्हतं. दहावी पास असूनही! ते सांगायचं सोडून म्हणालो, "या वयात एक्स शिकून काय दिवे लावणार आहेस?" तिची आई समोरच बसली होती. वैशालीनं पेनाला टोपण लावलं. भांडली असती तर बरं झालं असतं. ते टोपण लावणं डोळ्यांसमोरून जातच नाही.

ती भाजी आणायला गेल्यावर मी गणित करून बघितलं. मुलगा एक्स, मग बाप तीन एक्स. पण पुढे? तिथेच अडकलो. मग कुठल्या तोंडानं बोललो मी?

ती आल्यावर म्हणालो, "चुकलो गं. मलाच येत नाही. शिकवशील?"

ती हसली नाही. "हे आधी आईसमोर म्हणा."

आईंसमोर जाऊन म्हणालो. मग वही घेऊन वैशालीसमोर बसलो.