दुपारी जोडलं जाणारं इंजिन

प्रिय तेजस्विनी,

हे पत्र बघून दचकू नकोस, आणि वाचायच्या आधीच उठून जाऊ नकोस. नीट बस. मी रतनची आई, कस्तुरा. तू मला काकू म्हणायचीस. आमच्याकडे तू दोनदा उघडपणे आलीस, पॉलिटेक्निकमधली मैत्रीण म्हणून, लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून. पोहे केले तर पोरं लाजून चूर होतील म्हणून मी मुद्दाम उपीट केलं होतं, आणि तू त्यातले शेंगदाणे वेचून वेचून खाल्लेस. माझ्या तेव्हाच सगळं लक्षात आलं होतं. आईला काही कळत नाही असं पोरांना वाटतं, वाटू द्यावं. आता रतनला जाऊन वर्ष होत आलं आणि त्याचे पप्पा पहिला स्मृतिदिन करू देत नाहीत. विहारात जाऊन भंतेजींना सांगून येऊ म्हटलं की हा माणूस उठून गॅलरीत जातो. त्याचं कारण मला बाहेर कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुला सांगते.

ते इंजिन करायचं खूळ मुळात कुणाचं गं? रतन म्हणायचा माझं. मला विचारशील तर निम्मं तुझं. तो मालगाडीवर असिस्टंट लोको पायलट, त्याच्या डोक्यात दिवसरात्र ते हिरवं वॅग-नाइन इंजिन. मी म्हणायचे, लग्नाच्या वयाचा घोडा झाला आणि खेळण्यातले ठोकळे आणतोय. पण तू कॉम्प्युटरवर एकेक ठोकळा लावून आख्खं इंजिन उभं केलंस. ठोकळ्यावर त्या गोल टिकल्या असतात ना, त्यावरून तुमची भांडणं. सहा टिकल्या रुंद केलं तर काडेपेटी दिसते, दहा केलं तर रुळाबाहेर लोंबतं, मग आठ. तोंडाचा उतार जमेना. हवा तो हिरवा मिळेना. भाकरी थापता थापता त्याचं फोनवरचं ऐकून मला सगळं पाठ झालं होतं. आणि मध्येच तो तुला सिग्नल पुकारायला शिकवायचा. इंजिनात दोघं असतात, सिग्नल दिसला की एकानं मोठ्यानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं तेच परत म्हणायचं, तसा रेल्वेचा नियमच आहे. दोघांनी म्हटलं तरच सिग्नल नीट बघितला असं धरतात. तो घरातसुद्धा म्हणायचा, मोरीतून ओरडायचा, होम ग्रीन, आणि मी परत म्हणेपर्यंत बाहेर यायचा नाही.

मग तो दिवस. त्याची सुट्टी होती. चाकणच्या रस्त्यावर कंटेनरखाली मोटरसायकल गेली. जास्त लिहीत नाही, तुला माहीत आहे. पण त्याच्या पप्पांच्या डोक्यात तेव्हापासून एकच किडा. चाकणला रेल्वे जात नाही, मग रेल्वेच्या माणसाचं तिथं काय काम होतं? पोलिसांनी जी पिशवी दिली, तिच्यात ह्यांचा चष्मा निघाला. ह्यांची कंपनी चाकणलाच, त्या दिवशी चष्मा घरी विसरून फर्स्ट शिफ्टला गेले होते. झालं. मी चष्मा विसरलो म्हणून माझं पोरगं गेलं, असं त्यांनी ठरवून टाकलं. चष्मा आणून दे म्हणून त्यांनी फोनसुद्धा केला नव्हता, हे मी शंभरदा सांगितलं. ऐकतील तर ना. कंपनीची बस रोज त्याच जागेवरून जाते. शेजारी बसणारे सांगतात की भीमराजभाऊ तेवढ्यापुरते डोळे मिटून घेतात. तो चष्मा त्यांनी परत लावला नाही, नवा करून घेतला.

अर्धवट इंजिन रतनच्या टेबलावर तसंच होतं. इंजिनाचा नकाशा रतनच्या लॅपटॉपमध्ये, आणि तो उघडत नाही, पासवर्ड रतनबरोबरच गेला. तरी हे शिफ्टवरून आले की हातपाय धुऊन तिथं बसायला लागले. फिटर माणूस, आयुष्य लोखंडात गेलेलं. दोन ठोकळे असे दाबून बसवायचे की सोडवताना नखं तुटायची. मी म्हटलं, बसू दे, टीव्हीपुढं बसण्यापेक्षा बरं. इंजिनाच्या दोन्ही टोकांना खाली तीन तीन जोड्या चाकं लागतात, ती त्यांनी लावली. पण रुळाचं वळण आलं की इंजिन अडायचं आणि आडवं पडायचं. चिडून त्यांनी ते तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी घरी येऊन बघतात तर मधल्या चाकांच्या जागी बिनकाठाची, गुळगुळीत चाकं. वळणावरून इंजिन सरळ निघून गेलं. त्यांनी मला हाक मारली ती मी अजून विसरले नाही. त्यांना वाटलं मी केलं. अगं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मला वाटलं त्यांनीच केलं आणि विसरले. मग छपरावरचा तो तारेला टेकणारा सांगाडा, पॅन्टोग्राफ. ह्यांनी पुढचा वर केला होता. संध्याकाळी बघावं तर पुढचा खाली बसवलेला आणि मागचा उभा. रतन नेहमी सांगायचा, चालत्या इंजिनाचा मागचाच वर असतो. तेव्हा मात्र माझ्या अंगावर काटा आला.

त्या संध्याकाळी ते मला हळूच म्हणाले, कस्तुरा, रतन दुपारचा येऊन जातो गं. तुला सांगते, हा माणूस दर रविवारी विहारात पोरांना शिकवायचा की भूत, उतारा, अंगात येणं हे सगळं थोतांड. आपण कावळ्याला घास ठेवत नाही, श्राद्ध घालत नाही, बाबासाहेबांनी आपल्याला त्यातून बाहेर काढलं. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा गावाकडचं एक माणूस काही बोललं, तर ह्यांनी त्याला दारातून परत पाठवलं होतं. आणि तोच माणूस कंपनीला जाताना रतनच्या खोलीतला पंखा चालू ठेवून जायला लागला. त्याला उकडतं म्हणे. विहारात जाणं बंद, कुणाशी बोलणं बंद, सुटी आली की तोंड उतरायचं, कारण आपण घरी असलो तर तो येत नाही. आणि स्मृतिदिनाचं काढलं की मलाच विचारतात, जो येतोय त्याचा स्मृतिदिन कसा करायचा? भुताचं मला काही नव्हतं, मला ह्यांचीच भीती वाटायला लागली. पण खोटं कशाला बोलू, एकदा मी तो पंखा बंद करायला गेले आणि बटणापर्यंत गेलेला हात मागं घेतला.

मग ती केबिनमधली बाहुली. ह्यांनी उजव्या बाजूला एकच बाहुला बसवला होता, असिस्टंटच्या जागेवर, तो रतन. एक दिवस डाव्या बाजूला दुसरं माणूस येऊन बसलं. हे खूश, म्हणाले, लोको पायलट मिळाला त्याला, एकटाच होता. मी भिंग घेऊन बघितलं. त्या बाहुलीला वेणी होती. ह्यांना म्हटलं, आता बायकाही इंजिन चालवतात, आणि विषय तिथंच सोडला. पण माझ्या मनात पाल चुकचुकली.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलात ड्युटीवर होते आणि माझ्या अंगात कणकण होती. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, मावशी, तुम्ही जा घरी. जिना चढून वर आले तर दाराबाहेर लेडीज चपला, रतनच्या बुटांशेजारी सरळ लावून ठेवलेल्या. ते बूट मी अजून आत घेतलेले नाहीत. दार लोटलेलं होतं, कडी नव्हती. आणि आतून आवाज. तू सिग्नल पुकारत होतीस. डिस्टंट ग्रीन, असं म्हणून तू थांबलीस. खोलीत नुसता पंखा. मग पुन्हा, होम ग्रीन, आणि पुन्हा थांबलीस. दुसऱ्यानं परत म्हणायचं असतं ना. तू खरंच वाट बघत होतीस गं. माझ्या ओठावर शब्द आला होता, मी पदराचा बोळा तोंडात धरला. माझा आवाज ऐकून तुझा जीवच गेला असता. तशीच खाली उतरले आणि तळमजल्यावरच्या चतुराबाईंच्या ओट्यावर बसले. थोड्या वेळानं तू तोंडाला ओढणी बांधून गेलीस. चतुराबाई म्हणाल्या, तुमची भाची लई गुणाची हाय बघा, मधनंमधनं दुपारची येती, जाताना माझी चौकशी करती. मी म्हटलं, व्हय, गुणाचीच आहे.

रतननं तुला घराची किल्ली दिली होती, हे त्यानं मला सांगितलं नाही, याचा राग आला. तू चोरून येतेस याचाही आला. तापानं फणफणत मी पडून होते आणि मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते. मग माझ्या डोळ्यांपुढं ते दिवस आले. रतन गेला तेव्हा आमच्या घरात माणूस मावत नव्हतं. कुणी पाणी दिलं, कुणी भात भरवला, कुणी नुसता पाठीवरून हात फिरवला. तुला कुणी विचारलं असेल? तुझं घर पिंपळे गुरवमधलं जुनं, जमीनजुमल्याचं. आमच्या घराचं नाव तिथं निघत नसणार, हे मला कुणी शिकवायला नको. तू जेवणाच्या ताटावर बसून रडूसुद्धा शकली नसशील. रडायला यायचं तर एकच खोली, तीही कुलपातली. माझा राग कुठच्या कुठं गेला.

आणि मग ते चाकणचंही उमगलं. तुझी कंपनी तिथंच. फर्स्ट शिफ्ट सुटायच्या वेळेला तो तुला आणायला निघाला होता, होय ना? तू ते कुणाजवळ बोलली नसशील. पण त्या दुपारी तुझा आवाज ऐकला आणि मला कळलं की तू स्वतःलाच दोष देत बसली आहेस.

मी ह्यांना सांगितलं. सांगू की नको, असं फार झालं. त्यांचा तेवढाच आधार, तो काढून घेतला आणि माणूस कोसळला तर? पण रविवारी चहा घेताना सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. कप खाली ठेवला. मग उठले आणि रतनच्या खोलीत जाऊन पंखा बंद करून आले. मला वाटलं आता रडतील. तर म्हणाले, पोरीचा हात चांगला आहे, मधली चाकं बघ कशी बसवलीत. आणि मग विचारलं, ती कामाला कुठं असते? मी म्हटलं, चाकणला. मला वाटलं आता ते तुला बोल लावणार, निदान त्यांच्या जिवावरचं ओझं तरी उतरेल. तर मला म्हणाले, तिला सांग, तो माझा चष्मा द्यायला निघाला होता. मी म्हटलं, अहो, तो तिलाच आणायला... तर मला मध्येच तोडून म्हणाले, मला कळलंय ते, पण तिला असंच सांग. मी वर्षभर हे सोसलंय, त्या पोरीनं नको सोसायला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दिवशी मी ह्यांच्याकडं नव्यानं बघितलं. आणि मग दोघंही रडलो, वर्षभरात पहिल्यांदा एका जागी बसून. पण त्यांचा निरोप मी अर्धा देणार नाही, खोट्यानं कुणाचं ओझं उतरत नाही. चष्मा त्याच्या पिशवीत होता आणि त्याला तुलाही घ्यायचं होतं. तो दोघांसाठी निघाला होता. चूक त्या कंटेनरची, त्या रस्त्याची. तुझी नाही आणि ह्यांचीही नाही. हे तू पुन्हा पुन्हा वाच.

हे पत्र मी इंजिनापाशी ठेवून ड्युटीवर जातेय, कारण तुला दुसरीकडं कुठं पाठवलं तर तुझ्या घरी कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. लिहायचं कारण एवढंच. ह्यांनी परवा स्वतः विहारात जाऊन स्मृतिदिनाची वेळ ठरवली, पौर्णिमेनंतरच्या रविवारी, सकाळी. तू ये. मागच्या रांगेत पाहुणी म्हणून नाही, पुढं आमच्याबरोबर बस आणि सगळ्यांदेखत मोकळेपणानं रड. पांढरी साडी आणून ठेवली आहे, ब्लाऊज अंदाजानं शिवायला टाकलाय, दंडात घट्ट झाला तर उसवून देईन. तुझ्या घरी स्थळं बघताहेत, हे तू चतुराबाईंजवळ बोललीस, त्यांच्याकडून मला कळलंय. उद्या तुझं लग्न ठरलं तर मला आनंदच होईल, आम्हाला तुला धरून ठेवायचं नाही. नाही जमलं यायला, तरी मी समजेन. पण भंतेजींनी परिवारातल्या माणसांची नावं विचारली, तेव्हा ह्यांनी तीन सांगितली. भीमराज, कस्तुरा आणि तेजस्विनी. आडनाव विचारलं, तर तुझं आडनाव तुझंच सांगितलं.

तुझीच,
रतनची आई