उरलंसुरलं

मंगळवार, ६ नोव्हेंबर १९७३

दाक्षायणी नळावर चक्कर येऊन पडली. शेजारच्या विजयमालाबाईंनी धरून घरात आणलं. मी बाजारातून परतलो तर ही बाजेवर, ओठ पांढरेफटक. आणि मी काय बोललो? "वांगी बघ, देठ कसा हिरवागार!" बाजारातून आलो की आधी पिशवी दाखवायची, ही माझी सवय. तिनं मान वळवून बघितली सुद्धा — छान आहेत म्हणाली.

स्वतःच्या जिभेची लाज वाटते.

गुरुवार, ८ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं. पोटात गाठ आहे, ऑपरेशन करावं लागेल. पण अंगात हवं त्याच्या निम्मंही रक्त नाही. दोन महिन्यांत वाढलं तर ठीक, नाहीतर टेबलावर घेणं जिवाशी खेळ.

मग मला विचारलं, काय खातात? मी धडाधडा सांगितलं — शाळूची भाकरी, भरलं वांगं, आमटी, शेंगाची चटणी, ताक. बाईंनी चष्मा काढला. "हे घरात शिजतं ते झालं. त्या काय खातात?"

मला सांगता येईना! बारा वर्षं झाली लग्नाला. आधी आम्ही जेवतो, मी पान खायला चौकात जातो, मागून ती आत जेवते. परत आल्यावर मी कानडीत विचारायचो, "ऊटा आयता?" — जेवलीस का? आतून उत्तर यायचं, "आयतु." झालं म्हणायची, मला पुरे व्हायचं. तिला जेवताना मी पाहिलंय ते येळ अमावस्येला, वैरागला थोरल्या भावाच्या शेतात. तिथं शेताची पूजा झाली की सगळ्यांची पंगत एकदम बसते. वर्षातून एक दिवस. त्यातही माझं लक्ष भज्जीवर, त्या दिवसाच्या मिसळीच्या भाजीवर.

रविवार, ११ नोव्हेंबर

मंडईत बजाबाईकडे गेलो. दरवेळी वांगी, दोडकी, कधीमधी एखादी मेथीची जुडी तिच्याकडूनच घेतो. आज नुसती पालेभाजीच मागितली तर ती बघतच राहिली. कारण सांगितलं. तागडी खाली ठेवून म्हणाली, "अण्णा, तुमी लई चोखंदळ. पर आजवर सगळं तुमच्या तोंडाचंच नेलंत. बाईला काय आवडतंय, कंदी इचारलं न्हाय."

गिरणीच्या ऑफिसात मी फुशारकी मारतो — माझ्या हातून किडकं वांगं कधी घरात आलं नाही. गेलं चुलीत ते वांगं.

बजाबाईनं मेथी, राजगिरा, अंबाडी दिली. पाला मोडून दाखवला. मी ऐटीत एकच जुडी मेथी शिजवली. मूठभर झाली! पाच माणसं आणि मूठभर भाजी. ही आजवर एका जुडीत भागवायची कशी? विचारलं. म्हणाली, "तुमाला पुरायची की."

तिला कधी आलीच नाही, हे कळायला मला स्वतः चुलीपुढं बसावं लागलं.

मंगळवार, १३ नोव्हेंबर

मटकी भिजत घातली आणि विसरलो. घरभर वास. आई म्हणाली, बाप्यानं स्वयंपाक केल्यावर दुसरं काय होणार.

मंगळवार, २० नोव्हेंबर

फळीवर मागे एक डबा सापडला. वाळून कडक झालेले भाकरीचे तुकडे, त्यात तांबूस रंगाचेही. ती मिलोची भाकरी! दुष्काळात रेशनवर ही परदेशी लाल ज्वारी मिळायची. मी एकदाच खाल्ली आणि घशाखाली उतरत नाही म्हणून ताट सरकवलं. त्यानंतर माझ्या ताटात शाळूच आली. मिलो घरात येत होती, संपत होती. कोण खातंय, हा प्रश्न मला पडला नाही!

दाक्षायणीला डबा दाखवला. हे तुकडे पाण्यात भिजवायचे, वर चटणी — हेच तिचं जेवण. मी चिडलो. मला का सांगितलं नाहीस?

"तुमी इचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय. माझी आईबी असंच खायची. त्यात सांगायचं काय?"

डबा गाईपुढं रिकामा केला. यापुढं या घरात कुणी उरलंसुरलं खायचं नाही. तसं मोठ्यानं बजावलं, सगळ्यांदेखत.

रविवार, २ डिसेंबर

आता जमतंय. बाजारात जायच्या आधी घरात काय आहे ते बघतो, मग काय शिजवायचं ते ठरवतो, मग पिशवी उचलतो. पूर्वी उलटं होतं — डोळ्यांना दिसेल ते पिशवीत. मटकी रात्री भिजते, सकाळी फडक्यात बांधतो. मोड येतात!

आठवड्याचा कागद करून चुलीमागच्या भिंतीवर चिकटवला. आईला मऊ भाकरी, मुगाची आमटी. दाक्षायणीला पालेभाजी, मोडाची उसळ, अळिवाची खीर, गूळ-शेंगदाणे. धाकट्या सिद्धूला दूध, वरणभात. मला जे असेल ते. ऑफिसातला हिशेबनीस मी, कागदात चूक राहू देत नाही.

रुद्राणी शाळेतून आली की भाकऱ्या थापते. दहा वर्षांची पोर, पण हात आईचा. मी ताट घेऊन बाजेपाशी बसतो, दाक्षायणी माझ्यासमोर जेवते. ती लाजते. रुद्राणी आतून गरम भाकरी आणून वाढते.

सोमवार, २४ डिसेंबर

येळ अमावस्या. वैरागला जाणं झालं नाही. भज्जी मीच केली, आंबील आईनं. दाक्षायणीनं भज्जी दोनदा मागून घेतली. मागून! तिनं काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मला उठून बाहेर जावं लागलं.

गुरुवार, ३ जानेवारी १९७४

रक्त वाढलं! बाई म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करू. मंडईत बजाबाईला सांगितलं, तिनं कोथिंबिरीची जुडी फुकट टाकली. घरी येऊन कागद पुन्हा एकदा वाचला. फार बरं वाटलं.

शुक्रवार, ४ जानेवारी

आज बऱ्याच दिवसांनी चौकात पान खाऊन आलो. रुद्राणी चुलीपाशी पाठमोरी बसली होती. सहज विचारलं, "ऊटा आयता?"

"आयतु."

अगदी आईचा आवाज. पुढं होऊन पाहिलं. वाटीत पाण्यात भिजवलेले तुकडे, वर चटणी. शेजारी तो डबा, अर्धा भरलेला.

मी काही बोलायच्या आधीच ती घाबरून म्हणाली, "अप्पा, कागदावर माझं नाव नव्हतं."