लाखबंद पाणी

२ एप्रिल १९७३
आलो एकदाचे! गंगाखेडच्या एसटीनं हाडं खिळखिळी केली, पण गाव पाहून शीण गेला. दवाखाना दोन खोल्यांचा, डॉक्टर आठवड्यातून एकदा येणार, बाकी दिवस कंपाउंडर म्हणजे मीच राजा! घरमालक मन्मथअप्पा किराणा दुकानदार आहेत, भला माणूस. त्यांची म्हातारी आई मल्लम्मा शेजारच्याच खोलीत राहते. तिनं आमच्या सुजाताला आल्या आल्या गुळाचा खडा दिला, आणि पाच वर्षांची आमची सुजू तिथल्या तिथे तिची झाली. पाण्याचे तेवढे हाल आहेत. टँकर येईल तेव्हा येतो, नाहीतर नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं भरायचं. माझ्या बाटल्यांची पेटी उघडताना कुसुमनं कपाळाला हात लावला. म्हणाली, बदलीच्या गावी लोक भांडीकुंडी नेतात, आमचे हे काच नेतात. जुन्या बाटल्यांचं हे वेड तिला कधीच कळायचं नाही.

५ एप्रिल
आज घबाड सापडलं! गोदावरी, म्हणजे इथल्या लोकांची गंगा, आटल्यामुळे काठाची दरड उघडी पडली आहे, तिच्यात हिरवट काचेचं एक तोंड दिसलं. उकरलं तर शेजारी दुसरी, तिच्याशेजारी तिसरी, अशा चौदा, सगळ्या उभ्या पुरलेल्या. साच्याची रेघ मानेखालीच थांबते, म्हणजे तोंड हातानं केलेलं. काचेत बुडबुडे. निजामाच्या अमदानीतला माल असणार. त्यांत एक गोटीची सोड्याची बाटली, एक चौकोनी औषधाची, आणि बोटाएवढी अत्तराची कुपी. सगळ्यांची तोंडं लाखेनं बंद, आत पाणी. पोत्यात गवत घालून अलगद आणल्या. रस्त्यात एक-दोघांनी विचारलं, पोत्यात काय. सोनं, म्हणालो.

७ एप्रिल
टँकर नाही. झिऱ्यावर बायकांची जुंपली, कुसुम अर्धी कळशी घेऊन परतली. मी बाटल्यांची लाख फोडली. पाणी इतकं नितळ की फेकवेना. फडक्यातून गाळलं, खळखळ उकळलं, तुरटी फिरवली आणि माठात ओतलं. उकळल्यावर भीती कसली? दवाखान्यात सगळ्यांना हेच तर सांगतो. पाणी गोड निघालं. तिघंही पोटभर प्यालो, सुजूनं तर पुन्हा मागून घेतलं. रिकाम्या बाटल्या राखेनं घासून खिडकीत मांडल्या. ऊन आलं की खोलीभर हिरवा उजेड पडतो. फार सुख वाटलं.

१० एप्रिल
सुजूला सारखी तहान लागते. ऊनच तसं आहे. मीही आज दवाखान्यातला माठ संपवला.
मल्लम्मा दुपारी ताक घेऊन आली. खिडकीकडे लक्ष गेलं आणि तांब्यासकट खाली बसली. पाण्याचं काय केलं म्हणून विचारलं. मी हसत सांगितलं. ती तशीच उठून गेली. ताक सांडलं ते सांडलंच.

११ एप्रिल
मल्लम्मानं आज सांगितलं. ती लहान असताना गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली होती. पटकीच्या माणसाला पाणी दिलं की तो मरतो, असा तेव्हा समज. घरच्यांनीच पाणी तोडलं. माणसं पाणी पाणी करत गेली. धाकट्या बहिणीनं, भागम्मानं, तांब्या धरला होता, मल्लम्मानं तिची बोटं सोडवली. साथ सरल्यावर प्रत्येकाच्या नावानं एक बाटली गंगेच्या पाण्यानं भरून काठाला पुरली. कुपी एका तान्ह्या लेकराची.
मी संतापलो. म्हणालो, पटकीत पाणीच तर द्यायचं असतं, तुम्ही मारलंत त्यांना. तिनं मान हलवली. एवढंच म्हणाली, “त्यायचं पाणी पिलाव, सायेब. आता त्यायची तहान लागायली बघा.” बाटल्या पुन्हा भरून जागच्या जागी ठेवा म्हणाली.
मी असलं मानत नाही.

१४ एप्रिल
जयंतीला परभणीला जायचं होतं, राहिलं. सुजूचे डोळे खोल गेलेत. कातडी चिमटीत धरली की तशीच राहते. पण उलटी नाही, जुलाब नाही, ताप नाही. मीठ-साखरेचं पाणी पाजतो. पिते आणि पुन्हा हात पुढे करते. कुसुमचे ओठ फुटलेत. मला भीती वाटते आहे. उद्या पोरीला परभणीच्या दवाखान्यात नेणार.

१५ एप्रिल
एसटीपर्यंत पोचलोच नाही. वाटेत झिरा लागला. आधी कुसुम वाकली, मग मी. मान वर केली तेव्हा एसटी निघून गेली होती. सुजू वाळूत बसून आमच्याकडे बघत होती. झिऱ्यात नुसता चिखल —

१६ एप्रिल
शेवटी मल्लम्माचं ऐकलं. भल्या सकाळपासून झिरा उपसून सगळ्या बाटल्या भरल्या. काठावर नेल्या. खड्डे केले. लाख वितळवून वळलो तर बाटल्या रिकाम्या. कुपीसुद्धा.
आजूबाजूला कुणी नव्हतं.
माझी मिशी ओली होती.

१७ एप्रिल
कुसुम उठत नाही. सुजू आता मागत नाही, फक्त हात पुढे करते. अप्पांनी तांब्याभर पाणी पाठवलं. तिच्यासाठी. मी तिला पाजायला बसलो — पाजलं असेल — तिचे ओठ कोरडेच होते.
आजाऱ्याला इतकं पाणी बरं नाही, असं कुसुमला सांगितलं. मी कंपाउंडर. तिनं मानलं.

१८
सुजूनं तांब्या धरला. तिची बोटं किती बारीक — एकेक करून सोडवावी लागली —
तिच्या भल्यासाठीच. नाही. तिच्या भल्यासाठी नाही. कळतं मला. सगळं कळतं आणि हात थांबत —
दार वाजलं. मल्लम्मा. घागर आणली म्हणते, लेकरासाठी. कुसुम उठायला बघते आहे. ती दाराशी पोचायच्या आत घागर मला