बिनपत्तीचा चहा

मलकपेठ, हैदराबाद
सोमवार, १७ मार्च १९९७

चि. सौ. शैला हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. इकडे सर्व ठीक आहे. ह्यांचा गुडघा थंडीत धरला होता, तो आता सुटला. सुटल्याबरोबर पहाटेचं फिरणंही सुरू झालं. रेसकोर्सच्या भिंतीला धरून बाहेरूनच फिरतात, आत जात नाहीत. हे ते भेटेल त्याला न विचारता सांगतात, म्हणून तुलाही सांगितलं. ऊन मात्र होळीच्या आधीच कडक झालंय. नळाला दिवसाआड पाणी येतं. उदगीरला तुमच्या विहिरीचं बरं आहे.

आता तुझ्या पत्राबद्दल. तू मीठही सोडलंस हे वाचलं. गेल्या नवरात्रात तुळजापूरला आपण दोघींनी देवीपुढे पदर पसरून चहा सोडला होता, घर सोडून गेलेल्या कुलदीपची खुशाली कळेपर्यंत. तेव्हा तू मला अडवत होतीस. ‘ताई, तू कशाला? चहावाचून तुझं डोकं उठतं.’ मीच ऐकलं नाही. म्हटलं, लेक तुझा असला तरी भाचा माझा आहे. आणि आता तू लिहितेस, ‘एकट्या चहाने देवी ऐकत नाही, आपणच कुठे कमी पडतोय. पण तू तिकडे माझ्यासाठी डोकेदुखी सोसतेस, त्याच्या बळावर मी उभी आहे.’

शैला, माझं डोकं दुखत नाही. डिसेंबरपासून दुखलेलं नाही.

मी एक वेगळा चहा पिते. त्यात चहाची पत्ती औषधालाही नाही, म्हणून नवस मोडला असं म्हणता येत नाही. पण मोडला नाही असंही माझ्याने म्हणवत नाही, कारण तो मला फार आवडतो. लाल अंबाडीचा चहा. फूल गळून गेल्यावर मागे राहतात ती गडद लाल बोंडं सुकवायची. इथल्या तेलुगू बायका अंबाडीला गोंगूरा म्हणतात आणि पानांचं लोणचं घालतात, पण बोंडांचं पाणी पितात हे मलाही ठाऊक नव्हतं. सिकंदराबादला एक नवी कंपनी निघाली आहे, ती ही सुकी बोंडं खोकी भरभरून जर्मनीला पाठवते. तिकडचे लोक म्हणे जेवणानंतर हेच पितात आणि शांत झोपतात. आपल्या अंबाडीला परदेशी जायचा योग आला, आपल्याला नाही.

पहिल्यांदा मी काय केलं असेल? आपला चहा करतो तशीच बोंडं आलं घालून खळखळ उकळली आणि वरून दूध ओतलं. आंबटच ते. दूध फाटलं आणि भांड्यात गुलाबी चोथा तरंगायला लागला. मी तोही गाळून, साखर घालून कपात दिला, वाया कशाला घालवायचं म्हणून. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्यानेच करून दाखवला. पाण्याला उकळी आली की भांडं खाली उतरवायचं, मग बोंडं टाकायची, चिमूटभर सुंठ, आणि एक पोळी लाटून भाजून होईपर्यंत झाकण उघडायचं नाही. गाळून खडीसाखर घालायची. स्टीलच्या पेल्यात नाही, काचेच्या ग्लासात घ्यायचा, म्हणजे रंग दिसतो. पहिला घोट जिभेला आवळतो, मग मागून गोडी येते. आम्ही दोघं मागच्या पायरीवर बसतो, ग्लास हातात धरून, आणि एक ग्लास पुरत नाही.

तू हुशार आहेस. ‘तो’ कोण हे तू आतापर्यंत तीनदा विचारलं असशील.

बस आधी. उभी असशील तर बस.

कुलदीप आहे. सुखरूप आहे. अंगाने थोडा उतरलाय, पण खातो-पितो नीट. त्या कंपनीत तो माल पारखून घ्यायच्या कामावर आहे. सिकंदराबादला दोन मुलांबरोबर खोली घेऊन राहतो आणि दर रविवारी सकाळी माझ्याकडे येतो, संध्याकाळी जातो. डिसेंबरात, संक्रांतीच्या बऱ्याच आधी, तो पहिल्यांदा दारात उभा राहिला. हातात ह्याच बोंडांची पुडी होती. रिकाम्या हाताने मावशीकडे कसं जायचं, म्हणून आणली म्हणाला.

मी त्याला जवळ घेऊन रडले आणि पहिलं वाक्य हेच बोलले की, चल, तुझ्या आईला तार करू. त्याने हात मागे घेतला. म्हणाला, ‘मावशी, आईला कळलं की बाबांना कळणार. बाबा बोललेत, कॉलेज सोडलेलं तोंड परत दाखवू नको म्हणून. मला आधी काहीतरी बनू दे. तू सांगितलंस तर मी इथनंबी जातो, मग कुणालाच सापडणार नाही.’ मी भ्याले. हातचा जाऊ नये म्हणून गप्प बसले.

हे कारण खरं आहे, पण पहिल्या महिन्यापुरतं खरं आहे. पुढचं ऐक, आणि पत्र अर्धवट सोडू नकोस.

हे मला दर सोमवारी विचारायचे, ‘शैलाला कळवलंस का?’ मी म्हणायची, लिहिते. जानेवारीत एकदा म्हटलं, लिहिलं, तिचं उत्तर यायचंय. ह्यांनी विश्वास ठेवला. बायको खोटं बोलते असा संशय ह्यांना कधी आला नाही, तो ह्यांचा भोळेपणा. शुक्रवारी तुझं पत्र ह्यांच्याच हातात पडलं. वाचून दुमडून माझ्यापुढे ठेवलं आणि एवढंच बोलले, ‘उषा, ती बाई मीठ सोडून बसली आहे.’

मला ते रविवार हवे होते. शनिवारी मी बाजारात जाते, वांगी निवडून घेते, त्याला आवडतात म्हणून भरली करते. तो बाहेर सायकल लावतो तो आवाज मी ओळखते. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या घरात कुणाला ‘एक पोळी अजून घे’ म्हणून रागवायची माझ्यावर वेळ आली नव्हती. तुला कळवलं असतं तर तू पहिल्या बसने आली असतीस आणि त्याला घेऊन गेली असतीस. तो तुझाच आहे, नेलाच असतास. तेच मला नको होतं.

माझा नवस डिसेंबरातच फिटला होता, बघ. त्याची खुशाली मला कळली होती. मी त्याच दिवशी साधा चहा प्यायला मोकळी होते. पण प्याले असते तर तुला सांगावं लागलं असतं. म्हणून हा बिनपत्तीचा धरला. तुझ्या पत्रात ‘मी अजून चहा घेत नाही’ असं खरंखुरं लिहायचं, आणि इकडे त्याच्याशेजारी बसून ग्लास भरभरून प्यायचा. एवढी लबाडी मी उभ्या जन्मात केली नव्हती.

आणखी एक राहिलं. मागच्या महिन्यात पलीकडच्या मेहरुन्निसा बेगम भिंतीवरून आम्हा दोघांना पायरीवर बघत होत्या. मला म्हणाल्या, ‘आपका बेटा है क्या जी? सूरत आप पे इच गई.’ मी म्हणाले, ‘हौ.’ भाचा हा शब्द काही त्यांच्या भाषेत नाही असं नाही. कुलदीपने ऐकलं आणि मान खाली घातली. संध्याकाळी जाताना तो नेहमीसारखा पाया पडला नाही. त्याला तू आठवली असणार. मला दिसत होतं, तरी मी पुढच्या रविवारी पुन्हा वांगी आणली.

काल तो आला तेव्हा तुझं पत्र त्याला दाखवायचं ठरवलं होतं. दाखवलं नाही. तो घाबरून निघून जाईल ही एक भीती. आणि ऐकून लगेच उठेल, तुझ्याकडे धावेल, ही दुसरी. दुसरी मोठी होती. म्हणून आता त्याला न सांगता हे लिहिते आहे. त्याने घातलेली अट मोडते आहे, हे मला कळतं. तो कदाचित माझ्या दारात पुन्हा येणार नाही. त्याच्या जागी मी असते तर आले नसते.

हे आत्ता कपडे करून उभे आहेत. पत्र मी स्वतः टाकायला नेते म्हटलं तर म्हणाले, ‘नको, मी नेतो.’ बरोबर आहे त्यांचं.

तू शनिवारी रात्रीची बस धर. रविवारी उजाडता उजाडता गौलीगुड्याला उतरशील, हे स्टँडवर घ्यायला येतील. अविनाशरावांना बरोबर आणायचं की नाही ते तू बघ. आणलंस तर वाटेत एवढं सांग की पोरगं आपल्या हाताने कमावून खातंय, त्याला दारात उभं करून काही विचारू नका. तो साडेनऊला येतो. मी स्वयंपाक करून ठेवीन आणि वरच्या मजल्यावर जाऊन बसेन. तुम्हा दोघांमध्ये येणार नाही.

आणि आजच्या जेवणात मीठ घाल.

त्याला उदगीरला घेऊन जा, शैला. मी अडवणार नाही, आणि ‘अधूनमधून पाठव’ असंही म्हणणार नाही. म्हणावंसं वाटेल, तेव्हा तू माझ्याकडे बघू नकोस.

तुझ्या मुलाला तुझ्यापासून लपवून ठेवणारी,
उषा