गव्हावरून चालताना

ओजीसान,

आजोबा, तुमच्या शेतासाठी मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू अजून शेडमध्ये आहेत. धान्याचा ओलावा मोजायचं यंत्र, ज्याची पेटी मी चहाच्या पत्र्याच्या डब्यातून कापली. माती काढून पाहायची पोकळ सळई. तिच्यावर कानशीने घातलेल्या खुणांपैकी एकही वाकडी नाही. तुमच्या विळ्याची नवी मूठ, कारण जुनी सैल झाली असं तुम्ही म्हणालात. खरं तर मूठ तेवढीच होती, तुमचा हात बारीक झाला होता. आणि सोबाचे तिकोनी दाणे पाखडायचं बांबूचं सूप, आमच्याकडच्या मापाचं, ज्याला तुम्ही शेवटपर्यंत ‘इंदोची टोपी’, म्हणजे भारताची टोपी, म्हणत राहिलात. यातलं काहीही मला कुणी शिकवलं नाही. इथे जपानात त्सुकुबाच्या संस्थेत मी उपकरणं जुळवतो, सभोवती सगळे डॉक्टरेटवाले, आणि माझ्याकडे पुण्याच्या वर्कशॉपमधल्या वर्षांखेरीज दाखवायला काही नाही. तुम्ही मात्र कधी विचारलं नाहीत, मी काय शिकलोय ते.

भूकंपाच्या आधीच्या शरदात मी एक यंत्र खऱ्या जमिनीत पुरून पाहायला तुमच्या बांधावर आलो. काळी माती दिसली आणि वाटलं, ही तर ओळखीची. मी लातूरकडचा. आमची काळी माती ओली असली की चपलेला धरून बसते आणि वाळली की हात जाईल एवढी भेगाळते. तुमची ज्वालामुखीच्या राखेची, मुठीत पिठासारखी हलकी. मी तिला भेगा पडायची वाट पाहत होतो. तुम्ही पेंढा ओढता ओढता म्हणालात, “ही फाटत नाही, इंदो-सान. ही उडते. म्हणून हिच्या अंगावर थंडीत गहू पांघरायचा.” त्याखाली जंगलातून आणून कुजवलेली पानं होती, तुमच्या चाळीस वर्षांची. सळई आत घातली की वरचा वीतभर थर काळाभोर निघायचा आणि त्याखाली एकदम लाल.

मग मार्चमध्ये भूकंप झाला. शेडची कौलं खाली आली, गहू उभाच. त्यानंतर उत्तरेकडचं अणुकेंद्र फुटल्याच्या बातम्या, आणि त्या बातम्यांवर पडलेला पाऊस. जूनमध्ये तुम्ही एक दाणा दातांखाली फोडून म्हणालात, “तयार आहे.” मी माझा चहाचा डबा पुढे केला. “नाही, ओजीसान. आणखी दोन दिवस थांबा.” “दोन दिवसांनी पावसाळा लागेल. तेव्हा तुझा डबा छत्री धरणार का?” तुम्ही कापणी केलीत. पोत्यात हात घातला तर आत ओल्या दाण्यांची ऊब होती. सगळा गहू घरात पसरलात, बैठकीत, पडवीत, स्वयंपाकघरात चुलीपर्यंत, आणि आपण दोघं पंखे लावून तो पायवाट सोडून उलथत बसलो. पुढच्या वर्षी कापणीआधी तुम्ही वाटीत मूठभर दाणे घेऊन माझ्या दारात उभे होतात. “विचार तुझ्या डब्याला.” संस्थेत एवढी शाबासकी मला कुणी दिलेली नाही.

भूकंपाच्या वर्षीचा गहू किरणोत्साराच्या तपासणीत मर्यादेच्या आत निघाला, तरी वीस वर्षं तुमचं पीठ घेणारा नूडलवाला मिठाईचा खोका घेऊन आला. तो तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, “एवढा मोठा खोका म्हणजे गहू नको.” तो वाकून उभाच राहिला. गहू कुठला, असं गिऱ्हाईक विचारतं, म्हणाला. तुम्ही त्यालाच चहा पाजलात.

त्याच शरदात तुम्ही आणि शेजारचे एक शेतकरी, ज्यांचा ट्रॅक्टर तुमच्या ट्रॅक्टरपेक्षा मोठा होता आणि ते तसं जाणवू द्यायचे, शेडच्या सावलीत पालथ्या क्रेटवर बसला आहात. मी तुमच्यासाठी मूठ तासतोय.

“सोबा कापून झाला का?” शेजाऱ्यांनी विचारलं.

“अर्धा झाला. उरलेला वाऱ्याने झोपवलाय. त्याला उठवायला जातोय.”

“मी खोल नांगर लावतोय. सरकारी लोक सांगून गेलेत ना, वरची माती खाली घाला, खालची वर आणा. गिऱ्हाइकाला तेवढंच समाधान. तुमचंही करून देतो, दुपारभराचं काम.”

तुम्ही म्हणालात, “खालची लाल माती मला ओळखत नाही. तिची ओळख व्हायला अजून चाळीस वर्षं लागतील. तेवढा वेळ तू देतोस का ट्रॅक्टरबरोबर?”

“मग विकणार काय?”

“खाणार.”

शेजारी माझ्याकडे वळले. “इंदो-सान, तुम्ही यंत्रवाले. तुम्ही तरी समजवा.” ते चूक नव्हते, त्यांची माणसं जगायची होती. मी मूठ तासत राहिलो. तुम्ही खोल नांगरलं नाहीत; पिकाने किरणोत्सारी विष उचलू नये म्हणून पालाश खत टाकलंत, वरवर माती हलवलीत आणि गहू पेरलात.

जानेवारीत तुम्ही म्हणालात, चल, गहू तुडवायचा. मला वाटलं, मला नीट कळलं नाही. दंव माती उचलतं, मुळं अधांतरी होतात, म्हणून कोवळ्या रोपांवर पाय देऊन ती परत जमिनीत बसवायची. तुडवलेला गहू जास्त फुटवे धरतो. सगळं समजलं, तरी पाय उचलेना. आमच्याकडे ताटाला चुकून पाय लागला तरी हात लावून तो कपाळाला नेतात. मी बूट काढले.

“हे काय, देवळात आलास?”

“हो.”

“दंव आहे. बोटं झडतील, मग तुझी बायको मला झोडेल.”

दुसऱ्या दिवशी तुम्ही गावातून जिका-ताबी आणलेत, अंगठा वेगळा असलेले कापडी बूट, माझ्या पायाच्या मापाचे. ते मिळायला तीन दुकानं हिंडलात असं शेजाऱ्यांनी मागून सांगितलं. “यात पाय म्हणजे पायच,” तुम्ही म्हणालात, “देवाला चालेल.” मी आडवी पावलं टाकत चाललो आणि ओळ संपली की वाकून रोपांना हात लावून कपाळाला नेत होतो. “कंबर धरली का?” तुम्ही विचारलंत. मी आमची रीत सांगितली. तुम्ही पुढची ओळ धरलीत. पुढच्या हिवाळ्यात मात्र ओळीच्या टोकाला तुम्हीही वाकलात. मी पाहिलं, तेव्हा म्हणालात, “कंबर.”

तिसऱ्या हिवाळ्यात तुम्ही बांधावर क्रेटवर बसून होतात, गुडघ्यांवर घोंगडी, आणि मी एकटा तुडवत होतो. “वाकडा चाललास,” हे तुम्ही मला शेवटचं सांगितलंत. मी मागे वळून पाहिलं. ओळ सरळ होती. मी ते बोलून दाखवलं नाही याचं मला आता बरं वाटतं. गव्हाला ओंब्या यायच्या आत तुम्ही गेलात. घरात तुमच्या न खपलेल्या गव्हाची तीन वर्षांची पोती होती.

ओसाकाच्या तुमच्या मुलाने शेत आधी मला कसायला दिलं, मग माझ्या नावावर करून दिलं. आता गव्हाला गिऱ्हाईक आहे. तो नूडलवाला गेला, त्याची मुलगी पीठ नेते. माझी बायको म्हणते, त्या म्हाताऱ्याची माती वॉशिंग मशीनमधूनही जात नाही. मुलगी टोकियोत असते. शेताचं विचारलं की जपानीत म्हणते, बघू. माझे गुडघे तुमच्यासारखे वाजायला लागलेत आणि क्रेटवर बसून मी कुणाला वाकडा म्हणणार, ते मला माहीत नाही. शेजाऱ्यांचं शेत केव्हाच सौरऊर्जेच्या पट्ट्यांखाली गेलं. हे मी मराठीत लिहितोय, जे तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि लिहून झालं की सुपाखाली ठेवणार आहे.

यंदा सोबा निघाल्यावर त्या सौर पट्ट्यांच्या कंपनीचा माणूस हे शेत मागायला आला. तरुण, नीटस, फार अदबीने बोलणारा. म्हणाला, वरची काळी माती आम्हीच उचलून नेतो, खडी टाकतो, तुम्हाला काही त्रास नाही. ओजीसान, मी त्याला तिथल्या तिथे नकार दिला नाही. आठवडाभर विचार केला आणि त्या आठवड्यात एकदाही शेताकडे फिरकलो नाही, म्हणून यंदाचा गहू उशिरा पेरलाय. मग त्याला नकार कळवला. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तो तीस लाख येन देत होता.